बसला म्हणजे चालला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. भंडारा, तुमसर, साकोलीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांपैकी ज्याच्याकडे सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे, त्याला हमखास सल्ला मिळतो: "नागपूरच्या बर्डीवरून जुना आय-थ्री ८१०० आण, सॉकेट ११५१च आहे, बसते."

बसतो, पण चालत नाही. पडदा काळाच राहतो. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालते. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीला ३०० मालिका हवी. पिना तितक्याच, पण आधी राखीव असलेल्या काही पिना इंटेलने वीजपुरवठ्याला जुंपल्या, आणि जुन्या बोर्डाचं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. म्हणजे एच११० बोर्डावर ८१०० व्यर्थ. एच३१० घ्यावा लागेल. काही हौशी मंडळी बायोस बदलून, पिनांवर टेप लावून हे जमवतात. पोटापाण्याच्या मशीनवर हा खेळ नको.

उलटा गैरसमज: ११५० आणि ११५१, एका पिनेचाच तर फरक! पण दोन्हींच्या खाचा वेगळ्या. इंटेलने २००४ च्या ७७५ सॉकेटपासून पिना बोर्डावर नेल्या. जोर लावला की त्याच वाकतात आणि बोर्ड गेला.

एएमडीचं एएम४ २०१६ पासून टिकलं, म्हणून "कुठलाही रायझन टाका" असं म्हणतात. ए३२० च्या जुन्या बोर्डावर ५००० मालिका टाकायची तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करा. नंतर करणार कशावर?

रॅमचं प्रोसेसरवरून ठरवू नका. बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेतो. कोणती लागेल ते बोर्ड ठरवतो. एएम५ वर मात्र डीडीआर५च.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्ड प्रॉडक्टची ओळ बघा. ते नाव बोर्ड कंपनीच्या साइटवर टाकलं की चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मिळते. यादीत प्रोसेसरसमोर बायोसची किमान आवृत्तीही असते. तीच बघायची राहून जाते.

नवीन बोर्ड घेतलाच, तर पंखा लगेच टाकून देऊ नका. इंटेलच्या ११५६ पासून १२०० सॉकेटपर्यंत पंख्याच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरच आहे. १७०० ला ते ७८ झालं, तिथे वेगळी पकड लागते.