दारी हत्ती झुलतो तेव्हा...

दोस्तांनो, गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली आणि "हत्ती आला, हत्ती आला!" असा गलका झाला, की हातातलं काम टाकून कोण धावत नाही? धाराशिव असो, तुळजापूर असो की उमरगा, हत्तीमागे पोरांची पलटण ठरलेलीच. आजी केळं आणते, आई नाणं देते. हत्ती ते नाणं सोंडेनं अलगद उचलून माहुताला देतो, मग तीच सोंड आपल्या डोक्यावर ठेवतो. झालं! दिवसभर शाळेत आपण ऐटीत सांगत सुटतो, "मला हत्तीनं आशीर्वाद दिला!"

आता हत्ती गावात क्वचितच येतो. पण आलाच, तर या खेपेला त्याच्याकडे जरा नीट बघा. उभ्या जागी तो डोलत असतो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एखाद्याची श्रीमंती सांगायची तर आपण म्हणतो, "त्याच्या दारी हत्ती झुलतात." आपल्याला वाटतं, स्वारी खुशीत आहे.

खरी गोष्ट वेगळीच आहे. जंगलातला हत्ती दिवसाचे सोळा-सतरा तास चरण्यात आणि चालण्यात घालवतो. दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा लागतो, मग एका जागी बसून कसं भागणार? अशा प्राण्याच्या पायात साखळी अडकवली, तर चालण्याची ती ओढ जाणार कुठं? मग तो जागच्या जागी झुलू लागतो. हत्तींचे डॉक्टर याला मनावरच्या ताणाची खूण मानतात. म्हणजे आपण ज्याला डौल म्हणतो, ते त्याचं अडकून पडलेलं चालणं असतं!

मग साखळी सुटल्यावर हत्ती काय करतो? चला, बघायला जाऊ. धाराशिवहून एसटीनं सोलापूर गाठायचं आणि कर्नाटक एक्सप्रेस पकडायची. एका दिशेनं बसलात तर बंगळूर, दुसऱ्या दिशेनं बसलात तर मथुरा. दोन्हीकडे सुटका झालेले हत्ती आहेत. आणि गंमत म्हणजे, आपल्या महाराष्ट्रातून गेलेले हत्तीही दोन्हीकडे आहेत.

जोतिबाचा सुंदर

आधी बंगळूरची वाट धरू. 2007 साली कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या देवस्थानाला एक लहान हत्ती भेट मिळाला. नाव सुंदर. पुढे तो वारणानगरला एका शेडमध्ये साखळीनं बांधलेला होता. 2013 मध्ये त्याला मारहाण होत असल्याचं चित्रीकरण बाहेर आलं आणि लोक हळहळले. बीटल्स या जगप्रसिद्ध बँडचा गायक पॉल मॅकार्टनी यानंही त्याच्यासाठी पत्र लिहिलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. एप्रिल 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला हलवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. जूनमध्ये सुंदर ट्रकमधून बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोचला. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यातल्या काहींच्याच वयाचा! तिथं त्याला झाडं मिळाली, पाणी मिळालं आणि मुख्य म्हणजे दुसरे हत्ती मिळाले. हत्ती हा कळपात वाढणारा प्राणी. 

लक्ष्मीचा वडापाव सुटला!

आता गाडीची दिशा बदलू. मथुरेजवळ चुरमुरा नावाच्या गावी 2010 मध्ये हत्तींसाठी एक केंद्र सुरू झालं. 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था ते चालवते. तिथं 2018 पासून खास हत्तींचं रुग्णालयही आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं हत्तीच्या मापाचं!

या केंद्रात 2013 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून लक्ष्मी नावाची हत्तीण आली. लोक प्रेमानं तिला वडापाव द्यायचे, जिलेबी द्यायचे. तीही खायची. वजन इतकं बेसुमार वाढलं, की पायांना ते पेलवेना. केंद्रात आल्यावर तिला पथ्य लागलं. हिरवा चारा, फळं आणि रोजचं फिरणं. हळूहळू वजन उतरलं. तिला वडापाव देणाऱ्या कुणाच्या मनात वाईट होतं का? मुळीच नाही. पण आपल्याला आवडतं ते तिला मानवतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि राजू? उत्तर प्रदेशात रस्त्यावर भीक मागायला लावलेल्या या हत्तीच्या पायात काटेरी साखळदंड होते. कित्येक वर्षं. जुलै 2014 मधल्या एका रात्री त्याला सोडवून आणलं, तेव्हा ते साखळदंड काढायलाच पाऊण तास लागला.

एक दिवस त्यांच्या वेळेनं

इथला दिवस कसा जातो? सकाळी फिरायला जाणं. घाई नाही. वाटेत पाला दिसला, की स्वारी थांबणार. मऊ माती दिसली, की अंगावर उधळून घेणार. ही माती म्हणजे त्यांची पावडर बरं का! ऊन आणि माश्या यांपासून ती कातडीचं रक्षण करते. मग आंघोळ, टाक्यात डुंबणं, फळांची मेजवानी.

त्यानंतर पायांची देखभाल. हत्तीचा तळवा कठीण वाटतो, पण आत जाड मऊ गादी असते. वर्षानुवर्षं तापलेलं डांबर आणि सिमेंट तुडवून तिला जखमा होतात, नखं फाटतात. म्हणून औषधाच्या पाण्यात पाय शेकायचे. आता चार-पाच हजार किलोच्या रुग्णाला "पाय उचल" असं सांगायचं कसं? पूर्वी त्यासाठी अंकुश टोचत. इथं टोचणं नाही. पाय उचलला की केळं! हळूहळू हत्ती आपणहून पाय पुढे करायला शिकतो. थंडीत तर आसपासच्या गावातल्या बाया या हत्तींसाठी लोकरीचे रंगीत स्वेटर विणतात. केवढाले ते स्वेटर!

पण एक सांगून ठेवतो. इथं पाठीवर बसायला मिळत नाही, की 'सलाम करणारा हत्ती' बघायला मिळत नाही. हत्तीचा दिवस हत्तीसाठीच असतो. आपण पाहुणे. जरा दुरून बघायचं.

परदेशातही अशी ठिकाणं आहेत. केनियात नैरोबीला आई गमावलेली पिल्लं सांभाळतात. त्यांना बाटलीनं दूध पाजतात आणि रात्री सांभाळणारे त्यांच्या सोबतीला झोपतात. थायलंडमध्ये चियांग माईजवळ सुटका झालेल्या हत्तींचं मोठं उद्यान आहे. कधी सहलीला गेलात, तर आधी तीन प्रश्न विचारा. पाठीवर बसवतात का? खेळ करून दाखवायला लावतात का? अंकुश वापरतात का? उत्तर 'हो' आलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तिथं तिकीट काढू नका.

मग प्रेमाचं काय?

हा प्रश्न सोपा नाही. 2025 च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला कोर्टाच्या आदेशानं गुजरातला जामनगरच्या 'वनतारा' केंद्रात नेलं, ते तुम्ही ऐकलंच असेल. तीस वर्षांहून अधिक काळ ती मठात होती. ती गेली तेव्हा गाव रडलं. हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेली. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण तिच्या पायांच्या दुखण्याच्या नोंदीही खोट्या नव्हत्या. माया आपल्याकडून असते, दुखणं मात्र तिचं असतं. म्हणून निर्णय करताना दोन्हींकडे बघावं लागतं. तुम्ही न्यायाधीश असता तर काय केलं असतं? घरी, वर्गात जरूर बोला.

जाता जाता आपल्याच मातीतली एक गोष्ट. धाराशिवच्या लेण्यांविषयी सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात एक कथा येते. तेरच्या रानात करकंड राजाला एक हत्ती दिसतो. तो सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो, एका वारुळावर पाणी शिंपडतो, कमळ वाहतो आणि निघून जातो. राजा तिथं खणतो, तर आत मूर्ती सापडते.

या हत्तीला कुणी ओढून आणलं नव्हतं. पायात साखळी नव्हती, मागे माहूत नव्हता. तो आपल्या पायांनी आला आणि आपल्या पायांनी गेला.

तेव्हा पुढच्या वेळी घंटा वाजली, तर धावा जरूर. पण नाणं पुढे करण्याआधी हत्तीच्या पायांकडे बघा. जखम दिसली, तर मोठ्यांना सांगून वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करायला लावा. आशीर्वाद काय, तो सोंडेशिवायही मिळतो!