लोखंडाची रंगपंचमी

वापरून वापरून मऊ झालेलं एखादं सुती धोतर घ्या. दोन क्षारांचं पाणी एकत्र करून त्याला चोळा आणि अंधाऱ्या खोलीत वाळू द्या. त्यावर शेवग्याची एक डहाळी पसरा, वर काच ठेवा आणि सगळं गच्चीवर उन्हात न्या. वीसेक मिनिटांनी कापड पाण्याखाली धरा. पिवळट पाणी वाहून जातं आणि पाहता पाहता कापड गडद निळं होत जातं. मधोमध डहाळी उमटलेली असते, पांढरीशुभ्र, एकेक पान मोजून घ्यावं अशी. रंगाची डबी तर आपण उघडलीच नव्हती. मग हा निळा आला कुठून?

आर्ट क्विल्ट करणाऱ्यांचा हा लाडका खेळ आहे. आर्ट क्विल्ट म्हणजे पांघरायची नव्हे, भिंतीवर टांगायची गोधडी. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. १९७९ साली ओहायोतल्या अथेन्स गावी, एकेकाळच्या गाईंच्या गोठ्यात, फक्त नव्या क्विल्टचं ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन भरलं. गोधडीने ऊब द्यायलाच हवी ही अट सुटली आणि कापडावर वाटेल ते करून बघायची मुभा मिळाली. गंज लावायचीसुद्धा! पण त्याकडे नंतर येऊ.

आधी निळ्याचं कोडं. ते दोन क्षार म्हणजे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्हींत लोखंड आहे. (‘सायनाइड’ वाचून दचकलात ना? इथे ते लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की सहज सुटत नाही. तरी हातमोजे घालावेत, तीव्र आम्ल आणि आच लांब ठेवावी आणि स्वयंपाकातली भांडी अजिबात घेऊ नयेत.) उन्हातले अतिनील किरण पडले, की शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी तसं पहिल्या क्षारातलं लोखंड सायट्रेटकडून एक इलेक्ट्रॉन उसना घेतं. एकच! पण तेवढ्याने त्याचा स्वभाव पालटतो. आता ते दुसऱ्या क्षाराशी जुळतं आणि दोघांचं मिळून प्रशियन ब्लू तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, धाग्यांतच अडकून बसतं. डहाळीच्या सावलीत यातलं काहीच घडलेलं नसतं, म्हणून तिथलं द्रावण सरळ धुऊन जातं.

ही युक्ती शोधली जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने, १८४२ साली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पती-अभ्यासक बाईंनी समुद्रशैवालं अशीच कागदावर ठेवून उन्हात छापली आणि त्यांचं पुस्तक काढायला घेतलं. छायाचित्रांनी सजलेलं हे जगातलं पहिलं पुस्तक मानतात. आणि त्याला कॅमेरा लागलाच नाही!

नियम कळला की तो वाकवायची मजा सुरू होते. डहाळी कापडाला चिकटून असेल तर कड धारदार येते. बोटभर उचलली तर विरते. का? कारण सूर्य हा ठिपका नाही, आकाशातली अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्या प्रत्येक भागाची सावली जराशी सरकून पडते. मग डहाळी नकोच, नुसतं कापडच चुरगाळून उन्हात ठेवलं तर? सुरकुत्यांच्या सावल्यांतून डोंगररांगा उमटतात. कुणी ओल्या कापडावर व्हिनेगरचे थेंब टाकतं, कुणी साबणाचा फेस, कुणी चिमूटभर हळद. जे येतं ते पुन्हा तसंच आणता येत नाही. मला विचाराल तर या खेळाची खरी चव त्यातच आहे.

आता गंज. पाणी-व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड गंजक्या खिळ्यांभोवती, सायकलच्या चेनभोवती, बैलाच्या नालेभोवती गुंडाळा आणि ओलसर राहील असं झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी नारिंगी-तपकिरी ठसे तयार. तेच कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असेल, तर? ठसे काळे येतात! हिरड्यातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की निळसर काळा रंग बनतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी जो बाळहिरडा गोळा करतात, तोही याच झाडाचा. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर काळी रेघ याच जोडीतून काढतात. लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून ते फिकट पाणी करतात. हिरडा आणि दूध प्यायलेल्या कापडावर कलम टेकली, की ते काळं होतं.

म्हणजे निळ्यामागेही लोखंड आणि काळ्यामागेही लोखंड. मग एकातून दुसरं काढता येईल? येतं की! निळं कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घाला. निळा मोडतो, फिकट पिवळी खूण उरते. वाटतं, गेलं सगळं. पण त्या खुणेत लोखंड तसंच बसलेलं असतं. तेच कापड कोऱ्या चहात बुडवा. चहातही टॅनिन असतंच. डहाळीभोवतीची पिवळी जागा हळूहळू काळपट तपकिरी होते आणि डहाळीची नक्षी परत उठून दिसते.

(गंजाच्या बाबतीत एक सावधगिरी. लोखंड कापसाचे तंतू हळूहळू खातं. म्हणून जाणकार ठसे मिळताच कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून घेतात आणि घरातलं जुनं मोलाचं लुगडं या खेळात ओढत नाहीत.)

एवढं सगळं झालं तरी ते अजून छापील कापडच आहे. क्विल्ट होते ती टाक्याने. वर हे कापड, मधे कापसाचा थर, खाली अस्तर. डहाळीच्या कडेने आपल्या गोधडीचा साधा धावदोरा घाला. दोरा तिन्ही थर खाली खेचतो आणि जिथे टाका नाही तिथे कापूस फुगतो. सपाट सावली होती ती आता उंचवटा झाली, आणि तिची स्वतःची सावली पडायला लागली!

अशी निळी क्विल्ट भरउन्हाच्या खिडकीसमोर टांगलीत तर काही महिन्यांनी ती फिकी दिसेल. हळहळू नका. भडक उजेडात या निळ्यालाही इलेक्ट्रॉन चिकटतो आणि रंग उतरतो. क्विल्ट काढून कपाटात, अंधारात ठेवा. हवेतला प्राणवायू तो इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा बराचसा परत चढतो. तोवर भिंतीवर दुसरी लावा.