आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा

आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा ही आशिया खंडातील राष्ट्रांदरम्यान सामान्यतः दर दोन वर्षांनी भरणारी ॲथलेटिक्सची स्पर्धा आहे. धावणे, चालणे, उड्या आणि फेकी अशा सर्व मैदानी प्रकारांचा तीत समावेश होतो. पहिली स्पर्धा १९७३ मध्ये फिलिपिन्समध्ये मनिला येथे झाली. भारतात ती तीन वेळा भरली : नवी दिल्ली (१९८९), पुणे (२०१३) आणि भुवनेश्वर (२०१७).

आशियाई क्रीडा स्पर्धा आणि ही स्पर्धा यांत वृत्तपत्रांतूनही पुष्कळदा गल्लत होते. आशियाई क्रीडा स्पर्धा दर चार वर्षांनी होतात व त्यांत हॉकी, कबड्डी, कुस्ती इत्यादी अनेक खेळ असतात. प्रस्तुत स्पर्धा केवळ मैदानी खेळांची असून तिचे नियंत्रण आशियाई ॲथलेटिक्स संघटना करते. जागतिक ॲथलेटिक्सचा कारभार एकूण सहा क्षेत्रीय संघटनांत विभागलेला आहे व प्रत्येक क्षेत्राची अशी स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते. काही क्षेत्रांत त्याखालीही लहान प्रादेशिक स्पर्धा भरतात. ओशिआनिया क्षेत्रातील पॉलिनेशियन बेटांची मैदानी स्पर्धा हे त्याचे उदाहरण होय. राष्ट्रीय विजेतेपद आणि जागतिक स्पर्धा यांच्यामधील अंतर फार मोठे आहे. खंडाची स्पर्धा ही त्यामधील पायरी असून बहुतेक भारतीय खेळाडूंची खरी परीक्षा तेथेच होते.

भारतातील आयोजन

भारताच्या दृष्टीने या स्पर्धेतील सर्वांत गाजलेली कामगिरी १९८५ ची आहे. जकार्ता येथे पी. टी. उषा यांनी १००, २०० व ४०० मीटर धावणे, ४०० मीटर अडथळा आणि ४×४०० मीटर रिले अशी पाच सुवर्णपदके व एक कांस्यपदक मिळवले.

२०१३ ची स्पर्धा मुळात चेन्नईत व्हावयाची होती. श्रीलंकेतील तमिळ जनतेच्या प्रश्नावरून तामिळनाडू सरकारने श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागास हरकत घेतली आणि आयोजनातून माघार घेतली. त्यामुळे अवघ्या काही महिन्यांच्या अवधीत स्पर्धा पुण्याकडे आली. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले होते आणि २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या होत्या; असे तयार मैदान हाताशी होते म्हणूनच हे स्थलांतर शक्य झाले. ३ ते ७ जुलै २०१३ या काळात स्पर्धा पार पडली. भारताला दोन सुवर्णपदके मिळाली : पुरुषांच्या थाळीफेकीत विकास गौडा यांना आणि महिलांच्या ४×४०० मीटर रिले संघाला. पदकतालिकेत चीन पहिला होता.

२०१७ मध्येही असेच घडले. रांचीने असमर्थता दर्शवल्यावर भुवनेश्वरने जबाबदारी स्वीकारली व कलिंग स्टेडियम सुमारे नव्वद दिवसांत सज्ज केले. त्या वेळी भारत प्रथमच पदकतालिकेत अग्रस्थानी आला. २०२१ ची स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली.

स्टीपलचेस

महाराष्ट्राचा या स्पर्धेशी असलेला अलीकडचा संबंध प्रामुख्याने एका प्रकारातून आलेला आहे, तो म्हणजे ३,००० मीटर स्टीपलचेस. या प्रकाराचे नाव सर्वांना ठाऊक असते, स्वरूप मात्र फारच थोड्यांना.

या शर्यतीत धावपटूला २८ वेळा अडथळे व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळ्याची उंची पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर आणि महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. ११० किंवा ४०० मीटर अडथळा शर्यतीतील अडथळा पाय लागताच कोसळतो. स्टीपलचेसचा अडथळा मात्र जड लाकडी तुळईचा असून जागचा हलत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावपटू. या तुळईवर पाय ठेवून पुढे जाण्यास नियमाने मुभा आहे. पाण्याचा खड्डा अडथळ्याला लागूनच, ३.६६ मीटर लांबीचा असतो. अडथळ्याच्या पायथ्याशी तो सर्वांत खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून जो लांब झेप घेतो तो कमी भिजतो व त्याची गतीही कमी मोडते. ओले बूट, दर फेरीत मोडणारी लय आणि शेवटच्या हजार मीटरमध्ये थकलेल्या पायांनी घ्यावयाच्या उड्या यांमुळे निव्वळ वेगवान धावपटूला या प्रकारात यश मिळेलच असे नाही. महिलांसाठी हा प्रकार जागतिक स्पर्धेत २००५ मध्ये, तर ऑलिम्पिकमध्ये २००८ मध्ये दाखल झाला.

ललिता बाबर

ललिता बाबर या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही गावच्या. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा तालुका दुष्काळासाठी ओळखला जातो. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे विजयी झाल्यानंतर त्या स्टीपलचेसकडे वळल्या. लांब पल्ल्याच्या सरावाने आलेली दमछाक सोसण्याची ताकद त्यांच्याकडे होतीच; उडीचे तंत्र मात्र त्यांना नव्याने शिकावे लागले.

२०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. त्या शर्यतीचा निकाल नाट्यमय होता. बहरीनच्या रूथ जेबेट यांना प्रथम अपात्र ठरवल्यामुळे बाबर दुसऱ्या स्थानी आल्या होत्या; नंतर जेबेट यांचे सुवर्ण कायम झाले आणि भारताच्या सुधा सिंग यांना पदकाबाहेर जावे लागले. पुढच्याच वर्षी चीनमधील वुहान येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत बाबर यांनी ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. हा त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम तसेच स्पर्धाविक्रमही होता.

वुहानच्या विजयाचे मोल २०१६ मध्ये कळले. रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ नोंदवून बाबर अंतिम फेरीत गेल्या. १९८४ मध्ये उषा यांनी लॉस एंजलिसची अंतिम फेरी गाठल्यानंतर बत्तीस वर्षांनी धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात भारतीय महिला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. तेथे त्या दहाव्या आल्या. पुढे राज्य शासनाने त्यांची महसूल सेवेत नियुक्ती केली.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न

जेबेट यांचा उल्लेख वर आला आहे. केनियात जन्मलेल्या आणि बहरीनतर्फे धावणाऱ्या या धावपटूने पुण्यातील २०१३ च्या स्पर्धेत सुवर्ण जिंकले, तेव्हा सुधा सिंग दुसऱ्या आल्या. रिओचे ऑलिम्पिक सुवर्णही जेबेट यांचेच. पुढे २०२० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या सेवनाबद्दल त्यांच्यावर चार वर्षांची बंदी जाहीर झाली. आफ्रिकेतील गुणी धावपटूंना नागरिकत्व देऊन आपल्या संघात घेण्याची रीत आखाती देशांत दीर्घकाळ चालत आली आहे. स्थलांतर हा कोणाचाही हक्क आहे आणि गरीब घरच्या धावपटूने मिळेल ती संधी घेतली तर त्याला दोष देता येत नाही. तथापि, यामुळे आशियाई स्पर्धेतील मध्यम व लांब पल्ल्याच्या शर्यती प्रत्यक्षात पूर्व आफ्रिकेशीच होतात, ही वस्तुस्थिती आहे. जागतिक संघटनेने २०१७ मध्ये अशी स्थलांतरे थांबवली व २०१८ मध्ये प्रतीक्षाकालासह कडक नियम लागू केले. त्याचा परिणाम हळूहळू दिसेल, कारण आधी बदललेले राष्ट्रीयत्व कायम राहते.

अविनाश साबळे

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. हा भागही माणप्रमाणेच कमी पावसाचा. शेतकरी कुटुंबातील साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटरवरील शाळेत चालत किंवा धावत जात. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि सियाचीन व राजस्थान अशा दोन टोकांच्या हवामानांत त्यांनी सेवा केली. त्यांचे धावणे सैन्यातच, क्रॉसकंट्री शर्यतींतून पुढे आले. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र असले, तरी विभागातील या सर्वांत यशस्वी धावपटूला घडवले ते सैन्याने, हे नोंदवण्यासारखे आहे.

२०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन त्यांनी गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सैनींनी तो १९८१ मध्ये टोकियोत केला होता. म्हणजे साबळे यांच्या जन्माच्याही तेरा वर्षे आधी. २०१९ च्या दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्ण बहरीनच्या जॉन किबेट कोएच यांनी जिंकले. तेही मूळचे केनियाचे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तर साबळे प्रत्यक्ष केनियाच्या संघाविरुद्ध धावले व अवघ्या ०.०५ सेकंदाने दुसरे आले. १९९८ पासून त्या स्पर्धेत या प्रकाराची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती.

हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णानंतर मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळे यांनी आशियाई अजिंक्यपदही मिळवले. वेळ होती ८ मिनिटे २०.९२ सेकंद. ही वेळ त्यांच्या राष्ट्रीय विक्रमाहून (८ मिनिटे ०९.९१ सेकंद, पॅरिस, जुलै २०२४) बरीच मंद आहे, परंतु अजिंक्यपदाच्या शर्यतीत वेळेपेक्षा डावपेच महत्त्वाचे ठरतात. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताला यापूर्वीचे सुवर्ण १९८९ मध्ये दिल्लीत दीना राम यांनी मिळवून दिले होते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या खड्ड्याजवळ पडून साबळे यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेमुळे त्यांना त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेस मुकावे लागले.

इतर प्रकार

महाराष्ट्राचे यश स्टीपलचेसपुरतेच आहे असे नाही. नाशिक जिल्ह्यातील सर्वेश कुशारे यांनी २०२३ च्या बँकॉक येथील स्पर्धेत उंच उडीत २.२६ मीटरसह रौप्यपदक मिळवले. दक्षिण कोरियाचे वू सांग-ह्योक २.२८ मीटर उडी मारून पहिले आले. गादी उपलब्ध नसल्याने गावाकडे सुरुवातीच्या काळात कुशारे मक्याच्या भुशावर उड्यांचा सराव करीत असत.