सारखे गर्भपात, तरुणपणी रक्ताची गुठळी. ‘एपीएस’ म्हणजे नेमकं काय?

समजा, तिशीतल्या एका महिलेचे लागोपाठ तीन गर्भपात झाले. घरात ‘जड उचललंस का?’पासून विचारणा सुरू होते. सोनोग्राफीत काही सापडत नाही. मग रक्ताच्या रिपोर्टवर दिसतं : ‘ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट पॉझिटिव्ह’.

हा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजेच ‘एपीएस’ असू शकतो. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये तो मांडला. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. त्यामुळे पायाच्या शिरेत, फुफ्फुसात, मेंदूत गुठळ्या होऊ शकतात. गरोदरपणी वारेवर परिणाम होऊन बाळ दगावू शकतं.

गोंधळ नावापासूनच आहे. अँटीकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं. चाचणीच्या नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड लागतं. अँटीबॉडी ते अडवून धरतात आणि ‘एपीटीटी’ची वेळ लांबते. वाचणाऱ्याला वाटतं, रक्त पातळ आहे. शरीरात घडतं नेमकं उलट! नाव मात्र बदललेलं नाही.

दुसरा घोळ जास्त जिव्हारी लागतो. गरोदरपणात सिफिलिससाठी ‘व्हीडीआरएल’ चाचणी होते. तिच्या रसायनात कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिडच असतं. त्यामुळे या अँटीबॉडी असलेल्यांची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. नवरा-बायकोनं एकमेकांवर संशय घेण्याआधी ‘टीपीएचए’ करून खात्री करावी.

हे कोणाला होतं? पुरुषांपेक्षा महिलांना जास्त, बहुतेकदा तरुण आणि मध्यम वयात. ल्युपसच्या साधारण तीनपैकी एका रुग्णात या अँटीबॉडी सापडतात. मात्र ल्युपस नसतानाही एपीएस होतो. काहींच्या प्लेटलेट कमी असतात, काहींच्या त्वचेवर जांभळट जाळी उमटते.

एकच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार नव्हे. साध्या संसर्गानंतरही अँटीबॉडी काही काळ वाढतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तिन्ही पॉझिटिव्ह असतील, तर धोका सर्वाधिक.

गुठळी होऊन गेलेल्यांना सहसा दीर्घकाळ वॉरफरिन आणि नियमित ‘आयएनआर’ तपासणी लागते. गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं देतात. उपचार घेणाऱ्या बहुतांश महिलांना बाळ होतं. वॉरफरिन पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. त्यामुळे ते सुरू असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार आधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका.