दुसरं दुकान टाकण्याआधी पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघा



ट्रेनिंगला येणाऱ्या दहापैकी सात जण मला एकच प्रश्न विचारतात. "दादा, दुकान बरं चाललंय, हातात दोन-तीन लाख जमलेत, आता नवीन काय टाकू?" आणि उत्तरही त्यांच्याकडे तयार असतं. कॅफे टाकू का, कपड्यांची फ्रँचायझी घेऊ का.

मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो. पिंप्राळ्यात माझं मोटरपंप आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. चार वर्षं चांगली गेली, शेजारचा गाळा रिकामा झाला आणि माझं डोकं फिरलं. आषाढीला, रथाच्या दिवशी, मोबाईल कव्हर-चार्जरच्या दुकानाचं उद्घाटन केलं. तीन लाखांचा माल भरला. या धंद्यात नवीन मॉडेल आलं की जुन्या मॉडेलची कव्हरं मेली, हे मला माल भरल्यावर कळलं! अकरा महिन्यांत शटर खाली. पण तीन लाख हे खरं नुकसान नव्हतंच. एप्रिल-मे म्हणजे आमचा मोटारींचा सीझन, विहिरी खाली जातात, जुन्या मोटारी जळतात. त्या वर्षी मोटारी भरायला माझ्याकडे पैसाच नव्हता. सहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक माझ्या दुकानासमोरून पुढे गेलं, आणि त्यातले काही अजून परत आलेले नाहीत.

आता आपल्याच जळगावचं उदाहरण घ्या. जैन इरिगेशनचं नाव तुम्हाला माहीत आहे, पण भवरलाल जैन यांचा धंदा वाढला कसा, ती क्रमवारी नीट बघा. वाकोदचा शेतकरी कुटुंबातला मुलगा. वकिलीचं शिक्षण झालेलं, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आलेली. ती सोडून १९६३ मध्ये घरच्या ७ हजारांच्या बचतीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. त्यानंतर एकेक एजन्सी जोडत गेले: ट्रॅक्टर, खतं, बियाणं, कीटकनाशकं, पीव्हीसी पाईप. यादी वाचताना वाटतं, माणूस मिळेल ते विकतोय. तसं नाहीये. माल बदलतोय, गिऱ्हाईक तेच आहे: खान्देशातला शेतकरी. ज्याला खत दिलं त्यालाच बियाणं लागतं, पाणी न्यायला पाईप लागतो. ओळख तीच, गाव तेच, आणि उधारी कोणाची बुडणार नाही हेही माहीत. (केळी कापली की देतो म्हणणारा खरंच देतो की नाही, हे कळायला वर्षं लागतात. नवीन धंद्यात ही माहिती शून्यापासून.)

१९७८ मध्ये त्यांनी मोठी उडी मारली. बंद पडत आलेला केळी-पावडरचा कारखाना ३० लाखांना घेतला. केळीची पावडर न करता तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. पपेन औषधांत आणि खाद्यउद्योगात लागतं, बाहेर देशात जातं. इथे शेतकरी गिऱ्हाइकाचा पुरवठादार झाला. हे जमलं, कारण पंधरा वर्षं त्याच शेतकऱ्याच्या बांधावर ऊठबस होती. पुढे पाईप स्वतः बनवायला लागले, मग ठिबक, मग टिश्यूकल्चर केळीची रोपं. ठिबक तर नुसतं विकून चालत नाही. पाणी किती, जमीन कशी, नळी किती अंतरावर, हे शेतात जाऊन सांगावं लागतं. तो विश्वास आधीचा होता.

आणि आता दुसरी बाजू. नव्वदच्या दशकात याच माणसानं फायनान्स, आयटी, ग्रॅनाइट अशा धंद्यांत पैसा घातला. कंपनी अडचणीत आली. ते बाकीचे धंदे आवरून पुन्हा शेतीकडे वळले, आणि भागधारकांची जाहीर माफी मागितली. मला विचाराल तर पद्मश्रीपेक्षा ही माफी मोठी. आपल्याला साधं बायकोसमोर "माझं चुकलं" म्हणता येत नाही, मी तर मोबाईलच्या दुकानाचा तोटा घरात दीड वर्ष लपवला होता.

म्हणजे शेतीत राहिलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. त्यांच्या पश्चात कंपनीवर कर्जाचा मोठा बोजा आला आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी पैसा अडकायचा तो अडकतोच.

मी नंतर काय केलं, ते सांगतो. काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवली. गिऱ्हाईक जे मागतं आणि माझ्याकडे नसतं, ते पोऱ्यानं त्यात लिहायचं, तारखेसह. दोन महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल? मोटार रिवाइंडिंग. नवीन वस्तू नाहीच, दुरुस्ती! मागच्या खोलीत एक कारागीर बसवला. तांब्याची तार आणि थोडी हत्यारं, माल भरायला जास्त पैसा लागला नाही. मोटार दुरुस्तीला आली की केबल, स्टार्टर, कपॅसिटर माझ्याच काउंटरवरून जातात.

वहीत सध्या सोलर पंपाची चौकशी वाढलीय, पानावर चार-पाच वेळा येतेय. मी अजून हात घातलेला नाही. या उन्हाळ्याची वही भरू द्या, मग बघू.