थकवा कशाचा?

समुपदेशनाला येणाऱ्या बायका उदासीबद्दल सहसा आधी बोलत नाहीत. ‘अंगात त्राण नाही, मॅडम’, ‘डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘अंगावरून पांढरं जातं’, अशी सुरुवात होते. पिशवीत लोहाच्या गोळ्यांची पाकिटं असतात. त्या अनेकींना लागतातच. पण घरी काय चाललंय हे त्यांना कुणीच विचारलेलं नसतं, याची मला चीड येते.

मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांच्या जुनाट थकव्याचा अभ्यास केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. दिसला तो कर्जाशी, उपासमारीशी, मनाच्या त्रासाशी आणि नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी. गोव्यातल्याच २००२च्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं यांबरोबर मुलगी होणं हाही धोक्याचा घटक ठरला. हे नुसत्या संप्रेरकांवर कसं ढकलायचं?

पुण्यात मानसिक आरोग्यासाठी बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी १९९९च्या पुस्तकात हाच प्रश्न लावून धरला. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात फारसा फरक नाही. नैराश्य आणि चिंतेत मात्र बायका जवळपास दुप्पट. मग बाईच्या शरीराइतकंच तिचं जगणंही तपासायला नको का? लंडनच्या कॅम्बरवेल भागात ब्राउन आणि हॅरिस यांनी ते तपासलं होतं, १९७८च्या पुस्तकात ते आहे. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, १४ वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं घरात असणं, बाहेर नोकरी नसणं, अकराव्या वर्षाआधी आई जाणं: अशा स्थितीतल्या बायका आघातानंतर लवकर कोलमडत होत्या.

औषधाला माझा विरोध नाही. गरज दिसली की मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतेच. पण त्याआधी विचारते: पैसे कुणाच्या हातात असतात? माहेरी शेवटचं कधी गेलात? घरात कुणी हात उगारतं का? सासूबाई किंवा नवरा शेजारच्या खुर्चीत असला की तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळतं, ‘सगळं ठीक आहे’. म्हणून प्रत्येक सरकारी दवाखान्यात, आतून दार लावता येईल अशी एक तरी खोली मला हवी आहे.