सर्व्हर चालू, स्टेशन चुकलं!
दौंडकरांना हा घोळ सांगायला नको. तुम्ही जंक्शनवर उभे आणि पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी थांबते कॉर्ड लाइनला! प्रोजेक्टसाठी सायनॉलॉजीच्या नॅसवर मारियाडीबी १० टाकलंत आणि ‘कनेक्शन रिफ्युज्ड’ आलं, तर कदाचित हेच झालं असेल. सवयीने आपण ३३०६ पोर्ट देतो. तिथे ते ३३०७ वर असू शकतं. पॅकेजमध्ये टीसीपी/आयपी चालू आहे ना, तेही बघा. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं तर मामला वेगळा: ‘लोकलहोस्ट’पुरता बनवलेला युजर तुमच्या लॅपटॉपवरून आत शिरत नाही. वैतागून अनइन्स्टॉल तेवढं करू नका राव, सबमिशनचा डेटाही पुसला जाऊ शकतो. आधी बॅकअप घ्या. आणि शिरूरकर, लाइटचा भरवसा नसेल तर नॅसला यूपीएस लावाच.